दोन पाकिटं, एक गिलास

माहं नाव प्रभाकर, पण सौंसरात प्रभाकरचं घर कुठं म्हणून विचारलं तर कोणी सांगणार नाही, काटेवाल्याचं घर म्हटलं तर लहान लेकरूही दारापर्यंत आणून सोडीन. मूळ आम्ही बोरगावच्या बाजूचे. घरी कपाशी, थोडा संत्रा, आम्ही तिघं भाऊ, अन् तिघांत तेवढं वावर पुरणार नाही हे वडलाच्या आधीच ध्यानात आलं होतं, म्हणून बारावी झाली तसं मले जिनिंगमधी लावून दिलं. जिनिंगच्या गेटवर धर्मकाटा आहे. कापसाची गाडी आधी भरलेली चढते, मंग रिकामी होऊन चढते, दोन आकड्यायची वजाबाकी केली की माल निघते. त्या काट्याच्या खोलीत मी सव्वीस वर्षं बसलो. बाहेर शेतकरी उन्हात उभा, मी आत पंख्याखाली. पण कोणी म्हणून दाखवावं की प्रभाकरनं एक किलोचा फरक केला. हे मी फुशारकीनं नाही सांगून राहिलो, पुढचं समजावं म्हणून सांगतो. आकड्याच्या बाबतीत माही चूक निघते हे मले मान्यच नव्हतं, घरातही नव्हतं, डॉक्टरपुढंही नव्हतं.

लग्न झालं पांढुर्ण्याच्या शोभाशी. तिच्या मोठ्या भावाचं तिथं भांड्याचं दुकान आहे, माणूस बोलाले तिखट पण बहिणीवर जीव. आम्हाले एक पोरगी, तिचं लग्न झालं, ती तिच्या घरी.

तर माहं लिव्हर गेलं. दारूनं नाही. हे मी सगळ्यात आधी सांगतो, सवयच लागली आता, कोणी विचारो न विचारो. दहा वर्षांपासून शुगर, बसून बसून वजन वाढलेलं, लिव्हरवर चरबी चढली ते समजलंच नाही, समजलं तेव्हा पोटात पाणी झालं होतं अन् डोळे पिवळे. नागपूरच्या डॉक्टर मॅडमनं सरळ सांगितलं, नवीन लिव्हर लागन, घरातलं कोणी देत असन तर लवकर. एका भावाले शुगर, दुसऱ्याचा ग्रुप जमला नाही, पोरगी पोटुशी. शोभा म्हणे माहं पाहा. जमलं. मी म्हटलं नको, तर म्हणे तुम्ही नको म्हणून काय होते, मॅडमनं हो म्हटलं ना. पैशाचं मी सांगत नाही, ते कसंबसं निभलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही दोघंही भरती, तिचा पलंग बायकांच्या वार्डात होता, ती भेटाले आली अन् म्हणे ऐकता का, मी जामसांवलीच्या हनुमानजीले बोलले आहे. तुम्ही आपल्या पायानं चालत येऊन दर्शन घेतसान, तोवर मी दुधाले तोंड लावणार नाही. चहाही काळाच. मी म्हटलं बरं. बस, एवढंच म्हटलं, बरं. सव्वीस वर्षं मी लोकायच्या गाड्यायचा हिशोब ठेवला अन् ही बाई एवढी मोठी गोष्ट सांगून राहिली तर माह्या तोंडून निघालं बरं, अन् मी तोंड फिरवून नर्सले विचारलं की रात्रीची गोळी किती वाजताची.

ऑपरेशन झालं, दोघंही वाचलो. सुटी देताना मॅडमनं समोर बसवून सगळं समजावलं. त्यात एक गोष्ट व्हिटॅमिन डी ची. म्हणे तुमचं नऊ आहे, यांचं चौदा, पाहिजे तीसच्या वर, दोघांचंही कमी आहे. मी म्हटलं मॅडम, आमच्या इकडे ऊन एवढं की डांबर वितळते, अन् ऊनच कमी पडलं म्हणता? तर म्हणाल्या, ऊन आहे पण तुम्ही उन्हात आहात का, अन् दुसरं असं की कातडीत तयार होते तो कच्चा माल, त्याले कामात आणण्याचं पहिलं काम लिव्हर करते, पुढचं किडनी. मी म्हटलं मतलब वावरात कापूस निघाला तरी जिनिंग बंद असन तर सरकी निघून रुई मिळत नाही. मॅडम हसल्या, म्हणे हो, तसंच, अन् तुमची जिनिंग नवी आहे, अजून पुरती बसली नाही, हाडं अन् मांसपेशी कमजोर झाल्या आहेत, म्हणून दोघांनी आठवड्यातून पावडरचं एक पाकीट दुधातून घ्यायचं, बारा आठवडे, मंग तपासणी. दोघांनी म्हणाल्या. हे मी माह्या कानानं ऐकलं.

घरी आलो अन् मी रजिस्टर काढलं, काट्यावर असते तसंच लांब, आखलेलं. ताप, बीपी, शुगर, वजन, लघवी किती, पाणी किती, आठच्या गोळ्या सकाळी, आठच्या संध्याकाळी, मिनिटाचा फरक नाही. रविवारी एक चौकट जास्तीची, पाकीट. रविवारी सकाळी मी माह्या डब्यातून एक पाकीट काढून शोभाच्या हाती द्यायचो, ती आत जाऊन दुधात टाकून गिलास आणायची, मी पिऊन टिक करायचो. तिचा डबा तिनं स्वैपाकघरात ठेवला होता. मी तो डबा कधी पाहिला नाही, अन् रजिस्टरात तिच्या नावाची एक ओळ नव्हती. काय सांगू तुम्हाले, माह्या लघवीचा आकडा होता, जिनं अर्धं लिव्हर काढून दिलं तिचं नाव नव्हतं.

दूध गोड लागायचं. मी शुगरवाला माणूस, दुसऱ्याच रविवारी मी तिच्यावर ओरडलो की साखर टाकते काय तू, मले मारायचं आहे काय. ती म्हणे नाही हो, ते पाकीटच गोड असते. मी म्हटलं एका पाकिटानं एवढं गोड होत नाही. ती गिलास विसळाले घेऊन गेली. पुढच्या रविवारीही गोड, मी पुन्हा बोललो, मंग ती म्हणाली हो, हात जड पडला असन. माहं समाधान झालं. तिनं चूक कबूल केली म्हणून समाधान झालं, पहा.

आता बाहेर जायचं सांगतो. दीड महिन्यानं मॅडम फोनवर म्हणाल्या की आता सकाळी मोकळ्या रस्त्यानं फिरा, तोंडाले मास्क, डोक्याले टोपी, फक्त कडक उन्हात जास्त वेळ नको, कारण आता ज्या गोळ्या आहेत त्यानं कातडी नाजूक होते. मी दोन दिवस गेलोही. तिसऱ्या दिवशी खिडकीत बसलो होतो तर गल्लीत एक गाडीवाला दुसऱ्याले सांगून राहिला होता, हे घर काटेवाल्या भाऊचं, लिव्हर सडलं होतं त्यायचं, चेहऱ्यावरून वाटत नव्हतं पण छुपे रुस्तम निघाले. अन् दोघंही हसले. मी खिडकी लावून घेतली. दारूच्या थेंबाले मी शिवलो नाही, लग्नातही नाही, अन् अख्खं सौंसर मले बेवडा समजून राहिलं आहे ह्या विचारानं माही मान वरच होईना. त्या दिवसापासून मी बाहेर पडणं बंद केलं. शोभाले सांगितलं इन्फेक्शनची भीती आहे. फिरणं हॉलमधी. हॉल चौदा पावलांचा आहे. मी दिवसाले तीन हजार पावलं मोजून चालायचो अन् लिहायचो. जामसांवली आमच्या घरापासून सहा-सात किलोमीटर. नंतर मी हिशोब करून पाहिला, तेवढ्या महिन्यांत मी हॉलमधल्या हॉलमधी जामसांवलीच्या पंधरा-वीस खेपा केल्या असत्या.

शोभा विचारायची, जाऊन येऊ का हळूहळू, आटो सोबत ठेवू, थकले तर बसा, मंग पुन्हा चाला. मी म्हणायचो पुढच्या महिन्यात. ती काळा चहा पीत राहिली. मले दिसत होता तो काळा चहा, रोज दोन वेळा दिसत होता.

मंग तिचे पाय दुखाले लागले. मांड्या दुखते म्हणे, कंबर दुखते, खाली बसली की भिंतीले हात लावून उठायची. मी म्हटलं टाक्यांचं असन. एका दिवशी ओसरीच्या तीन पायऱ्या चढताना तिच्या तोंडून आई गं निघालं, तर मी आतून काय म्हटलं, मले सांगाले लाज वाटते पण सांगतो, मी म्हटलं पेशंट मी आहो, तू धडधाकट आहेस, तू कण्हून राहिली तर माह्याकडे कोण पाहीन. मंग पाऊल सुजलं, लंगडून चालाले लागली. म्हणे मुरडलं. मी म्हटलं हळद लाव.

बारा आठवडे झाले, पण नागपूरची तारीख पुढं गेली, अन् पाकिटं बंद करा असं कोणी म्हटलं नव्हतं म्हणून मी दोन्ही डबे पुन्हा मागवून चालू ठेवले. सोळा रविवार झाले. मले मळमळ सुटली, जेवण जाईना, पोट साफ होईना, तहान एवढी की रात्रंदिवस पाणी. मी सगळं लिहून ठेवलं. नागपूरले गेलो, रक्त दिलं, रिपोर्ट आला, मॅडमनं चष्मा काढून पुसला अन् पुन्हा घातला. व्हिटॅमिन डी एकशे अठरा. कॅल्शियम वाढलेलं, किडनीचा आकडा वाढलेला. म्हणाल्या काका, किती पाकिटं घेऊन राहिले तुम्ही? मी म्हटलं आठवड्याले एक. त्या म्हणाल्या एवढं नाही चढत, रोज तर नाही ना घेतलं? अन् तुम्हाले सांगतो, मले राग आला. मी रजिस्टर टेबलावर ठेवलं, उघडून दाखवलं, हे पहा सोळा रविवार, सोळा टिक, तुमच्या लॅबचा काटा बिघडला असन, आमच्या इथं दर सालाले तपासून शिक्का मारते काट्याले, तुमच्या इथं मारते का? बाजूच्या खुर्चीवर शोभा बसली होती, पदराचं टोक बोटाले गुंडाळून राहिली होती. म्हणे मॅडम, काटा बरोबर आहे. मी माहंही पाकीट यायच्या दुधात टाकत होते.

मॅडम म्हणाल्या काहून? ती म्हणे माहं दूध बंद आहे, नवस आहे. तुम्ही म्हणाल्या होत्या पाकीट दुधातूनच घ्यायचं. मंग माहं पाकीट वायाच जात होतं. अन् वाया कसं जाऊ द्यायचं, यायले ताकद आली तर चांगलंच ना. मॅडम म्हणाल्या अहो ताई, पाण्यातूनही चालते ते, एक फोन करून विचारायचं. ती म्हणे एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्हाले काय त्रास द्यावा.

मी रजिस्टर मिटलं. आवाज झाला मिटताना, तेवढाच. दूध काहून गोड लागत होतं ते मले त्या खुर्चीवर समजलं.

मॅडमनं तिचं रक्त घेतलं, पायाचा फोटो काढला. व्हिटॅमिन डी आठ. चौदाचं आठ झालं होतं, अन् पावलाच्या हाडाले केसाएवढी चीर होती. ती त्या चिरेवर दीड महिना चालली, त्या पायानं उभं राहून तिनं माहं वेगळं जेवण वेगळ्या भांड्यात उकळून केलं. मॅडम माह्याकडे पाहून म्हणाल्या काका, सुटीच्या दिवशी यांचा आकडा मी तुम्हालेच सांगितला होता. मी म्हटलं हो.

मले तीन दिवस भरती ठेवलं, सलाईन, पाकीट अन् कॅल्शियमची गोळी सगळं बंद. ती पायाले पट्टी बांधून बाजूच्या स्टुलावर बसली होती. मी विचारलं मले काहून नाही सांगितलं? म्हणे तुम्ही विचारलं कुठं. मंग पायाची पट्टी सारखी करून म्हणे, अन् तुमच्यात गेलं मतलब माह्यातच गेलं ना, तुकडा तर माहाच आहे आत. अन् हसली. मले हसू नाही आलं. मी त्या सलाईनच्या बाटलीकडे पाहत राहिलो.

तिचा भाऊ पांढुर्ण्याहून आला. बहिणीचा पाय पाहिला, मले काही विचारलं नाही, तिच्याकडूनच सगळं काढून घेतलं. मंग जाताना माह्या पलंगापाशी उभा राहून म्हणे भाऊजी, तुमच्या काट्याले एकच पारडं आहे काय? धर्मकाट्याले पारडं नसतेच, एकच प्लॅटफॉर्म असते, त्यालेही माहीत आहे. पुढं म्हणे लिव्हर तिनं आपल्या खुशीनं दिलं, त्याचं मी बोलत नाही, पण ती दूध सोडून बसली अन् तुम्ही घरात लपून बसले, हे मले पटलं नाही. त्याच्यानंतर तो माह्याशी बोलला नाही. फोन करते तर तिच्या फोनवर, मी उचलला तर म्हणते शोभाले द्या.

लपून बसले, हा त्याचा शब्द. शोभानं त्याले सांगितलं नव्हतं, इन्फेक्शनच म्हणून सांगितलं असन, पण त्यानं ओळखलं. मतलब घरातल्या घरात तिनंही ओळखलं होतं, अन् कधी बोलून दाखवलं नव्हतं.

सौंसरले परत आलो, थोडी ताकद आली, मॅडमले विचारलं, त्या म्हणाल्या गर्दीचा दिवस टाळा, शनिवार-मंगळवार नको, सावकाश जा. बुधवारी सकाळी सातले निघालो. ती आटोत, पट्टीचा पाय समोरच्या दांड्यावर ठेवलेला, मी बाजूनं चालून राहिलो, टोपी घालून, मास्क लावून. आटोवाला एवढ्या हळू चालवून कंटाळला, म्हणे काकाजी, याच्यापेक्षा बैल जोरात चालते. रस्ता जिनिंगच्या गेटवरून जाते. वाटलं आटोच्या आडून निघून जावं. तेवढ्यात गेटवरच्या हमालानं पाहिलंच, हात वर करून म्हणे राम राम काटेवाले भाऊ, आता बंद केली का? मी थांबलो. मास्क खाली केला. म्हटलं सुरूच कधी केली नव्हती बाप्पा, शुगरनं गेलं माहं लिव्हर, अन् आता जे आहे ते हिचं आहे. अन् आटोकडे बोट दाखवलं. त्यानं आटोत वाकून पाहिलं, मले पाहिलं, म्हणे मंग वहिनी घेत होत्या का? अन् शोभा अशी हसली, अशी हसली आटोत बसून, टाक्याच्या जागी हात धरून हसली. तो हमालही हसला, चहा प्या म्हणे, आम्ही म्हटलं येताना. बस. एवढंच होतं. तीन महिने मी ज्याले भिऊन खिडकी लावून बसलो ते एवढंच होतं, अन् तिच्या पायाचं हाड त्याच्यापायी गेलं.

मधी चारदा बसलो, पावणेतीन तास लागले. तिथली मूर्तीच निजलेली आहे, त्या झोपलेल्या हनुमानजीसमोर उभा राहिलो तर मले काही मागता आलं नाही. तिनं हात जोडले, काय बोलली मले माहीत नाही. बाहेर येऊन टपरीवर तिनं दुधाचा चहा सांगितला, एका हातात कप अन् दुसरा हात आटोच्या दांड्यावर, अन् पहिला घोट घेऊन म्हणे पाणीच जास्त टाकते हा.

त्याले आता पाच महिने झाले. माहं एकशे अठरावरून उतरून बेचाळीसवर आलं, किडनी जागेवर आली. तिचं आठवरून आधी सतरा, मंग सव्वीस. पाकीट आता ती माह्यासमोर घेते, दुधातून, मी पाहतो अन् लिहितो, रजिस्टरात डाव्या पानावर ती, उजव्या पानावर मी. ती म्हणते मी काय कापसाची गाडी आहो का, चढा अन् उतरा. सकाळी गच्चीवर आम्ही बसतो, ती उन्हात पाठ करून, मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत, कारण मले मनाई आहे. मांड्या आता कमी दुखते म्हणे. जिन्यावर अजून भिंतीले हात लावते. मी पाहिलं तर काढून घेते.

माफी मी मागितली नाही. दोनदा तोंड उघडलं, ती म्हणे चहा ठेवू का. मॅडम म्हणतात हाड जुळलं, लिव्हरही दोघांचं भरून आलं, चिंता नको. असन. तुम्ही हे लिहून राहिले तर तिले वाचून दाखवा, मी म्हटलेलं सगळं, साखरेचंही, कण्हण्याचंही, काही गाळू नका. अन् कोणाच्या घरी दोघं जण औषध घेत असतीन तर एक दिवस दुसऱ्याचा डबा उघडून पाहा म्हणावं, एवढं माह्याकडून लिहा.

तिचं पुढचं रक्त पंधरा दिवसांनी आहे. तीसच्या वर गेलं तर पहिला फोन मी पांढुर्ण्याले करणार आहो, तिच्या भावाले, माह्या फोनवरून. तो म्हणन शोभाले द्या. मी म्हणीन देतो, आधी आकडा ऐकून घ्या.